हलणारा दात आणि मिश्रीची पंधरा मिनिटं

गौरी-गणपती उरकून चार दिवस झाले असतील. सकाळच्या पहिल्या एसटीने एक मावशी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. वय ५२. घरची दीड एकर शेती, दोन म्हशी, शिवाय दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी खालचा ओठ ओढून समोरचा दात बोटाने हलवून दाखवला. "ह्यो बघा. भाकरी तोडाय येईना झालीया. काढून टाका एकदाचा. शेजारचं बी दोन-तीन काढा, म्हंजे परत यायला नको."

माझा दवाखाना कोल्हापूर जिल्ह्यात, निपाणीपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावी आहे. सुजलेल्या हिरड्या आणि हलणारे दात इथे रोज दिसतात. तरीही हे एक प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यातलं खुर्चीवरचं काम सगळं मिळून काही तासांचं होतं आणि ते अवघडही नव्हतं. बाकी सगळं मावशींच्या परसात, पाणी तापवायच्या चुलीपाशी घडायचं होतं. आणि तिथे माझी पहिल्या वेळी चूक झाली. मावशींनी हे लिहायला आनंदाने परवानगी दिली आहे. नाव-गाव मी गाळलं आहे.

विचारपूस

"मावशी, दात कशाने घासता?"

"मिश्रीनं."

"किती वेळा?"

"चारदा. कवा कवा पाचदा." हे सांगताना आवाजात लपवाछपवी नव्हती, थोडा अभिमानच होता.

मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला आणि हाताने चुरून पूड केलेला तंबाखू. मावशी ती घरीच करतात, पंधरा दिवसांची एकदम. पहाटे उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळची धार काढून झाल्यावर आणि झोपायच्या आधी, अशा चार वेळा. चिमूट घ्यायची, उजव्या तर्जनीने दातांवर आणि हिरड्यांवर फिरवायची, थोडी खालच्या ओठाच्या आत तशीच ठेवायची आणि पंधरा मिनिटांनी चूळ भरायची. चौदाव्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून घरातल्याच कुणी पहिलं बोट लावायला दिलं. म्हणजे हे ३८ वर्षांचं झालं.

तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ना परवाना लागतो ना तिच्यापर्यंत बंदी पोचते. आमच्या भागात ती व्यसन म्हणून मोजलीच जात नाही. विडी ओढणाऱ्या नवऱ्याला नावं ठेवणारी बाई स्वतः मिश्री लावते आणि तिला दात घासणं म्हणते. ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी तेच दात घासणं असतं.

दिवसातून चार वेळा तोंडात बोट फिरवणाऱ्या बाईला 'तुम्ही दातांची निगा राखत नाही' असं म्हणणं मला पटत नाही. निगा होती. फक्त ते बोट समोरच्या दातांच्या बाहेरच्या अंगापलीकडे पोचत नव्हतं. दातांच्या आतल्या बाजूला, दोन दातांच्या फटीत, मागच्या दाढांना आणि दात जिथे हिरडीत शिरतो त्या कडेला गेल्या ३८ वर्षांत काहीच लागलं नव्हतं. आणि जे लागत होतं ते तंबाखूचं होतं.

बाकीची माहिती अशी: सहा वर्षांपासून शुगर. गोळ्या चालू, पण भांगलणीच्या दिवसांत चुकतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी मागच्याच महिन्यात झालेली, ९.१ टक्के. रक्तदाब ठीक. वरची उजवी एक दाढ दोन वर्षांपूर्वी "आपोआपच पडली", दुखलीसुद्धा नाही. सकाळी उशीवर लाळेबरोबर रक्ताचा डाग दिसतो. नातू "आज्जी, वास येतोय" म्हणून तोंड फिरवतो. हे शेवटचं सुनेने सांगितलं आणि मावशींनी पदर तोंडावर घेतला.

दात साफ करून घ्यायला कुणीतरी आधी सुचवलं होतं. पण शेजारणीने करून घेतलं आणि तिचे दात हलायला लागले, म्हणून मावशींनी धसका घेतलेला.

तोंडात काय दिसलं

तोंडात एकूण २७ दात. खालच्या समोरच्या चार दातांमागे जिभेच्या बाजूने कीटणाची सलग भिंत होती. चारही दात तिने एकमेकांना जोडून टाकले होते. वरच्या दाढांवर गालाच्या बाजूने तसाच पिवळा-काळा थर. कीटण नेमकं याच दोन जागी सगळ्यात जास्त धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. दातांवर जिवाणूंचा चिकट, पांढरट थर रोजच बसतो. तो वेळेवर पुसला गेला नाही, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरून काही दिवसांत तो घट्ट होऊ लागतो. बोअरच्या पाण्याने बंबाच्या आत खडू धरतो, तसंच. एकदा दगड झाला की कुठल्याही ब्रशने, मंजनाने किंवा लिंबू-मिठाने तो निघत नाही. तो हत्याराने काढावा लागतो, आणि हत्यार दवाखान्यात असतं. घर आणि दवाखाना यांची कामाची वाटणी इथे ठरते. मऊ थर रोज घरी काढायचा आणि दगड झालेला आम्ही काढायचा.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. खुणा केलेली बोथट सळी तिथे अलगद घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी आम्ही ती मोजतो. मावशींच्या १६२ जागांपैकी ११२ जागी सळी लावताच रक्त आलं. ५१ जागी खोली ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त होती. वरच्या डाव्या दुसऱ्या दाढेशी ८. खालचा डावा समोरचा दात पुढे-मागे तर हलत होताच, दाबला की खालीही जात होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे हलत होते. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये त्या हलणाऱ्या दाताभोवती हाड जवळजवळ उरलेलंच नव्हतं. शेजारच्यांभोवती निम्म्याहून थोडं जास्त शिल्लक होतं.

हिरड्या पाहताना गाल, जीभ आणि ओठाची आतली बाजू पाहायची राहून जाते, आणि तंबाखू वापरणाऱ्याच्या बाबतीत तसं होऊन चालत नाही. मिश्री जिथे ठेवली जायची, तिथे खालच्या ओठाच्या आत अंगठ्याच्या नखाएवढा पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. पुसून जात नव्हता, दुखत नव्हता, खाली गाठ लागत नव्हती. मानेत गाठी नव्हत्या. तोंड तीन बोटं उघडत होतं.

निदान हिरड्यांचा आणि हाडाचा पुढे गेलेला आजार, पेरिओडोंटायटिस. टप्पा तिसरा. वेगाच्या वर्गवारीत 'क', कारण शुगर ७ टक्क्यांच्या वर असली की हा आजार झपाट्याने वाढणाऱ्या वर्गात धरला जातो. वर तंबाखू. दात किडलेला एकच होता, तोही थोडासा. लोकांना दात जातात ते किडीने असं वाटतं. मावशींची दाढ 'आपोआप' पडली ती कीड नसताना. हा आजार दुखत नाही आणि म्हणूनच तो इतका पुढे जातो.

काय परत येतं आणि काय येत नाही

सून सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारलं, "आत्यांचं हे बरं होतंय का?"

तिला मी एक जुना प्रयोग सांगितला. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. औषध काहीच दिलं नव्हतं. मला हा प्रयोग फार आवडतो. सूज कशाने येते आणि कशाने जाते, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसत नाही.

म्हणजे मावशींच्या आजाराचे दोन भाग होते. सूज, रक्त आणि वास हा परत फिरणारा भाग. विरघळलेलं हाड हा न परतणारा. ते जिथे आहे तिथे थांबवायचं, एवढंच हातात होतं.

मग दात किती काढायचे यावर आमचं बरंच बोलणं झालं. मावशींना चार काढून मोकळं व्हायचं होतं. त्यांचा हिशेब मला कळत होता. प्रत्येक खेपेला एक दिवसाची हजेरी बुडते आणि एसटी दिवसातून तीनदाच. पण निम्मं हाड शिल्लक असलेला दात काढणं मला मान्य नव्हतं. शेवटी एक काढायचा, तीन वाचवायचे, आणि चार खेपांऐवजी दोनच खेपांत सगळं संपवायचं असं ठरलं. शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. दोन्ही वेळा सकाळी न्याहारी करून, गोळ्या घेऊनच यायचं, उपाशी नाही, हे सुनेला दोनदा सांगितलं.

खुर्चीवरचं काम

पहिल्या खेपेला उजवी बाजू, आठ दिवसांनी डावी. बधिर करून आधी अल्ट्रासॉनिक यंत्राने वरचं कीटण काढलं आणि मग हातातल्या बारीक हत्यारांनी हिरडीखाली शिरून मुळांवरचं. हिरडीखालचं कीटण काळं आणि चिवट असतं, ते दिसत नाही. हत्याराच्या टोकाला खरखर लागते, ती थांबेपर्यंत काम करायचं. प्रत्येक खेपेला दीड तास लागला.

काम सुरू करण्याआधीच मी मावशींना आरसा देऊन ती भिंत दाखवली होती. "ही काढली की दातांत फटी दिसतील, दात जरा जास्त हलल्यासारखे वाटतील, गार पाणी झिणझिणेल. फट मी पाडणार नाही. ती आहेच, फक्त भरलेली आहे." भिंत निघाल्यावर तिचे तुकडे कापसावर ठेवून त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक तुकडा दोन बोटांत दाबून पाहिला आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, खडा हाय ह्यो!" शेजारणीच्या बाबतीत काय झालं असावं हे त्यांना तेव्हा कळलं. हाड आधीच गेलेलं होतं आणि दातांना कीटणाचा टेकू होता. टेकू काढल्यावर खरी स्थिती उघडी पडली, आणि दोष साफ करणाऱ्यावर गेला. हे आधी न सांगता यंत्र चालू करणं ही आम्हा दंतवैद्यांची चूक असते. या एका न सांगण्याने गावंच्या गावं दात साफ करून घ्यायला घाबरतात.

दुसऱ्या खेपेच्या शेवटी तो दात काढला. मूळ कापून टाकलं, वरचा भाग आतून बंद केला आणि मावशींचाच दात त्याच जागी, बारीक तारेने आणि दाताच्या रंगाच्या मसाल्याने शेजारच्या दातांच्या मागून बांधला. सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचे सगळे दात त्या तारेत आले, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या हलणाऱ्या दातांनाही आधार मिळाला. आरशात पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझी चूक

त्या दिवशी जाताना मी त्यांना मऊ ब्रश दिला, टूथपेस्ट कुठली घ्यायची सांगितलं, दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडिनचं तोंड धुवायचं औषध दिलं आणि म्हटलं, "मिश्री आजपासून बंद." ब्रश कसा धरायचा हे जबड्याच्या साच्यावर दाखवलं. एक छापील कागदही दिला. सगळं पाच-सात मिनिटांत. बाहेर सहा माणसं बसली होती.

सहा आठवड्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, त्या आल्या. हिरड्यांचा रंग सुधारला होता, रक्त कमी होतं. पण खालच्या दातांवर बाहेरून पुन्हा काळसर छटा होती आणि ओठाच्या आतला चट्टा तसाच होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई, सोडली की." सून जमिनीकडे बघत होती.

त्या दिवशी मी बाहेरच्या लोकांना थांबायला सांगितलं, तोंडावरचा मास्क काढला आणि खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले. रागावले नाही. "पहाटेची सुटत नाही ना?" एवढंच विचारलं.

मग त्या बोलल्या. पहिल्या तीन दिवसांत डोकं दुखलं, चिडचिड झाली, तरी रेटलं. चौथ्या दिवशीही पोट साफ झालं नाही तेव्हा धीर सुटला. हा बहाणा नव्हे. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते आणि ३८ वर्षं रोज पहाटे मिळालेली चालना एका दिवशी बंद केली की बद्धकोष्ठ होतोच. मिश्री सोडायला निघालेल्या बायका सगळ्यात आधी याच जागी अडखळतात, आणि हे मला माहीत असूनही मी आधी बोलले नव्हते.

पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. "बाई, तोंडात मिश्री आसली की बोलाय येत न्हाई. म्हणून त्या टायमाला मला कोण हाक मारत न्हाई, काम सांगत न्हाई. चुलीम्होरं बसतो, पाणी तापतंय तवर. दिवसातनं तेवढंच आपलं."

मी दिलेल्या ब्रशने दोन मिनिटांत काम संपत होतं. मी त्यांची मिश्री सोडवायला निघाले होते आणि त्यांच्या लेखी मी दिवसातली त्यांची एकुलती एक पंधरा मिनिटं काढून घेत होते. बाईच्या हातून मिश्री का सुटत नाही याचं उत्तर मी इतकी वर्षं फक्त निकोटिनमध्ये शोधलं होतं.

आणि मग सुनेने, दाराकडे एकदा बघून, हळूच सांगितलं, "मॅडम, मी बी लावतो. दिवस गेल्यात मला, तिसरा म्हैना हाय." पहिल्या गरोदरपणात उलट्या होत होत्या तेव्हा बरं वाटतं म्हणून तिने सुरू केली होती. सासूला माहीत होतं. दोघी एकाच डबीतली लावत होत्या.

दुसऱ्यांदा, नीट

चट्ट्याचा निर्णय आधी घेतला. मिश्री बंद झाली असती तर काही आठवडे वाट पाहणं योग्य होतं, असे बरेच चट्टे तंबाखू थांबला की आपोआप विरतात. पण ती बंद झाली नव्हती आणि माझे सहा आठवडे फुकट गेले होते. आणखी थांबायला मन धजेना. त्याच दिवशी बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवालात कातडी जाड झालेली होती, कर्करोगाकडे झुकणारा बदल नव्हता. मावशींना तो वाचून दाखवताना 'काही नाही' असं मी म्हटलं नाही. "अजून काही नाही" असं म्हटलं.

मग आम्ही तिघींनी बसून दिवसाचं वेळापत्रक केलं. चारांपैकी सगळ्यात सोपी सुटेल ती दुपारची, म्हणून ती आधी. आठवड्याने संध्याकाळची. त्यानंतर झोपायच्या आधीची. पहाटेची सगळ्यात शेवटी. सुनेला मात्र हळूहळू नाही, आजच. पोटातल्या बाळाचं वजन तंबाखूने कमी भरतं, हे तिला मी स्पष्ट सांगितलं. नवा तंबाखू भाजायचा नाही, डबी संपेल तेवढीच. पोटासाठी उठल्या उठल्या तांब्याभर गरम पाणी आणि रात्री इसबगोल. निकोटिनचं च्युइंगम मावशींच्या हलणाऱ्या दातांना चाललं नसतं. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन १८००-११-२३५६ सुनेच्या मोबाईलमध्ये भरून दिला.

पहाटेच्या पंधरा मिनिटांना हात लावायचा नाही, हे मी स्वतःहून म्हटलं. चुलीपुढची जागा तीच, वेळ तीच. फक्त बोटाच्या जागी ब्रश. फेसाने तोंड भरलेलं असतानाही बोलता येत नाही. घरात सगळ्यांना सांगायचं की डॉक्टरांनी पंधरा मिनिटं सांगितली आहेत, आज्जीला हाक मारायची नाही. सुनेने हे काम आनंदाने अंगावर घेतलं.

पंधरा मिनिटं कशी भरायची तेही ठरवलं. आधी दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश. बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसतो, पण काडीपेटीतल्या काडीएवढा. कीटण निघाल्यावर मावशींच्या दातांत ज्या फटी उघड्या पडल्या होत्या, त्यांत दोरा नीट काम करत नाही, हा ब्रश करतो. बांधलेल्या दाताखालूनही तोच फिरवायचा. मग मोठा ब्रश, केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर, तिरपे टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचे. तवा घासतो तसं रगडायचं नाही. सुरुवात आतल्या बाजूने, जिथे बोट कधीच गेलं नव्हतं. या वेळी मी साच्यावर दाखवलं नाही. मावशींच्या हातात ब्रश दिला, समोर आरसा धरला आणि त्यांच्या हातावर हात ठेवून केलं. दातांवर गुलाबी रंग लावून उरलेला थर दाखवला. त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात, मूठ पक्की वळत नाही. ब्रशची दांडी जुन्या लुगड्याच्या पट्टीने जाड करून घेतली. छापील कागद परत घेतला.

टूथपेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी. फ्लोराइड असलेली, आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे आणि वेष्टनावर तो आकडा शोधायचा. राखुंडी, विटेची भुकटी, खरखरीत मंजन अजिबात नाही, कारण हिरडी खाली सरकल्यामुळे उघडी पडलेली मुळं मऊ असतात आणि अशा पुडीने झिजून खाच पडते. घासून झाल्यावर थुंकायचं. खळखळून दहा चुळा भरल्या तर फ्लोराइड धुऊन जातं. दुसऱ्यांदा घासायचं ते रात्री, जेवण आणि धारा सगळं उरकल्यावर, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची राखा, असंही मी सांगितलं. झोपेत लाळ कमी होते आणि तोंडाला स्वतःचं रक्षण करता येत नाही.

दर आठवड्याला सुनेचा फोन यायचा. दुसऱ्या आठवड्यात भाऊबंदांच्या लग्नात मावशींनी दोनदा लावली. तिने सांगितलं, मी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्याचं विचारलं. पहाटेची शेवटची सुटली ती डिसेंबर संपताना. सुनेचे दात पाचव्या महिन्यात साफ केले. गरोदरपणात दातांना हात लावू नये ही समजूत चुकीची आहे. त्या काळात हिरड्या उलट जास्त सुजतात आणि मधले तीन महिने कामाला सगळ्यात सोयीचे असतात.

फेब्रुवारीअखेरची नोंद

२६ दात, १५६ जागा. रक्त ३३ जागी. ५ मिलिमीटर किंवा जास्त खोली १७ जागी, आधी ५१ होत्या. बांधलेले दात स्थिर. ओठाच्या आतला चट्टा शोधावा लागला, फिकट सावलीएवढा. एचबीएवनसी ८.२. हे श्रेय मी हिरड्यांना देत नाही, कारण मधल्या काळात डॉक्टरांनी गोळ्याही बदलल्या आणि मावशी त्या नेमाने घेऊ लागल्या. मात्र हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात हे डॉक्टर सांगतात. हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही, हे मात्र मधुमेहाच्या रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. आमच्या तालुक्यातल्या शुगरच्या डॉक्टरांकडे आता मी स्वतः चिठ्ठ्या पाठवते आणि त्यांच्याकडूनही येऊ लागल्या आहेत.

यापुढे दर तीन महिन्यांनी साफ करायला यायचं. सहा महिन्यांनी नाही, कारण खोल खाचांत जिवाणू पुन्हा वस्ती करायला सहा महिने घेत नाहीत. तारखा सुगी आणि एसटी पाहून ठरवतो. मार्चमध्ये हरभरा काढणीची गडबड, म्हणून पुढची मे महिन्याच्या शेवटची ठरवली.

मेमध्ये मावशी आल्या नाहीत. सून बाळंत झाली होती, मुलगी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या, एकट्या, पाऊस अंगावर घेत. समोरच्या दातांमागे थोडं नवं कीटण, ते काढलं. मिश्री नाही. वरच्या डाव्या दाढेशी खोली अजून ६ मिलिमीटर आहे. त्या दाढेला तीन मुळं, त्यांच्या दुभंगाशी हाड गेलेलं, आणि तिथे ना माझं हत्यार नीट पोचत ना त्यांचा ब्रश. ती दाढ दोन-चार वर्षं टिकेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तसं मावशींना सांगितलं. "ऱ्हाईल तवर ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून झिजलेला बारीक ब्रश काढला, केस पार आडवे झालेले. "असला अजून धा द्या. आन् एक जाड दांडीचा, शेजारणीला."

शेजारणीला पुढच्या मंगळवारी बोलावलं आहे. यंत्र चालू करण्याआधी तिला आरसा द्यायचा आहे.